डेपोची जमीन विकून शहराबाहेर तिप्पट घरं बांधावीत का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुमच्या नगरपालिकेकडे शहराच्या मधोमध जुन्या बसडेपोची जमीन आहे. डेपो हलला, जागा रिकामी पडली आहे. ती लिलावात विकायची आणि आलेल्या पैशातून शहराबाहेर स्वस्त घरं बांधायची, असा प्रस्ताव आलाय. 'इथे एक घर होईल तेवढ्यात तिकडे तीन होतील' असं अधिकारी सांगतात. तुम्ही विचारताय, हा हिशोब खरा आहे का? आणि परवडणाऱ्या घरांच्या आड जमीन खरंच येते, की काही करायचं नाही म्हणून पुढे केलेलं ते निमित्त आहे?

निमित्त नाही. सव्वीस वर्षं मी सार्वजनिक घरबांधणीच्या कामात आहे आणि त्यातला बहुतेक काळ जमीन मिळवण्यात गेला. मोजणी, भूसंपादन, मोबदल्याची बोलणी, ताबा, कोर्टाच्या तारखा. इमारतीला रंग लागेपर्यंत माझं काम कधीच संपलेलं असायचं. या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. घर गरिबाला परवडणार की नाही, हे जमीन कोणाकडून, केव्हा आणि कोणत्या अटींवर हातात आली त्यावर बहुतांशी ठरून जातं. त्यानंतर इंजिनीअरने कितीही काटकसर केली तरी त्याच्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

तुमच्या बाबतीत मात्र जमीन मिळवायची नाहीये, ती तुमच्याकडेच आहे. तेव्हा खरा प्रश्न असा आहे, की मोक्याची जागा एकदा गेल्यावर पुन्हा मिळवायची म्हटली तर काय पडेल, आणि 'तीन घरं' मोजताना कोणता खर्च मोजायचा राहिला? यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. डेपोच्या मालकीची कागदपत्रं काय म्हणतात, तिथली माती कशी आहे, बाहेरची जागा नेमकी किती बाहेर आहे, हे मला इथून दिसत नाही. ते कसं तपासायचं ते शेवटी सांगते. आधी जमिनीची किंमत ठरते कशी ते पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

समजा एखाद्या भागात फ्लॅट १०० ला विकला जातो. बांधकामाला ५० लागतात, व्याज, परवाने आणि विक्रीचा खर्च १५, बिल्डरचा नफा १५. उरले २०. बिल्डर जमीनमालकाला जास्तीत जास्त हे २० देऊ शकतो, आणि घेणारे चार जण असतील तर तेवढे त्याला द्यावेच लागतात. म्हणजे जमिनीची किंमत शेवटून मागे येत ठरते. आता त्या भागात नवी रेल्वे आली आणि तोच फ्लॅट १३० ला जाऊ लागला. बांधकाम तेच ५०, बाकीचा खर्च आणि नफा मिळून ३० चे ३६ झाले असं धरा. जमिनीच्या वाट्याला ४४ आले. फ्लॅट ३० टक्क्यांनी वाढला, जमीन मात्र दुपटीच्या वर गेली. रेल्वे सगळ्यांच्या पैशातून झाली आणि वाढ रुळांशेजारी ज्याची जमीन होती त्याला मिळाली.

याच भागात सार्वजनिक संस्थेला घर बांधायचंय. तिचं घर लहान आणि साधं, बांधकाम ४५, वरखर्च ५, नफा नाही. ज्या कुटुंबासाठी ते बांधायचं त्याला हप्त्याहप्त्याने ५५ झेपतात. म्हणजे जमिनीसाठी संस्थेकडे ५ आहेत. लहान घराला जमिनीचा वाटाही कमी लागतो, तो ४४ ऐवजी ३० धरला तरी प्रत्येक घरामागे २५ कमी पडतात. खुल्या बाजारात बोली लावून जमीन घ्यायची आणि त्यावर स्वस्त घरं बांधायची, हे म्हणूनच कुठेही जमत नाही. बोलीत सार्वजनिक संस्था हरतेच, आणि जिंकली तर घरं स्वस्त राहत नाहीत. आकडे मी सोयीचे घेतलेत, तुमच्याकडे ते वेगळे असतील, पण गणिताची दिशा हीच राहील.

मग ते २५ अनुदान म्हणून दिले तर? घरांसाठी मिळणारी जमीन वाढत नसेल तर अनुदानाचा मोठा भाग जमिनीच्या भावात जिरतो. घर घेणाऱ्यांच्या खिशात जास्त पैसे आलेत हे जमीनमालकालाही कळतं. एका अनुदान योजनेच्या वेळी आमची काही मालकांशी बोलणी जवळपास ठरली होती. योजना जाहीर झाली आणि पुढच्या बैठकीत त्यांनी भाव वाढवून मागितला. त्यांच्या जागी मी असते तर मीही मागितला असता. म्हणून अनुदान द्यायचं तर त्याच्याबरोबर जमीनही यायला हवी, नाहीतर पैसा गरिबाच्या नावावर खर्ची पडतो आणि जमा दुसऱ्याच्याच खात्यात होतो.

या गणितात एक चांगली बाजूही आहे, ती फार कमी लोक बोलून दाखवतात. जमिनीची किंमत शेवटून ठरत असेल, तर जमिनीवर घातलेली अटही किमतीतून वजा होते. पण ती वेळेवर घातली पाहिजे. एखाद्या भूखंडावर अमुक इतकी घरं परवडणारी असलीच पाहिजेत हे विकास आराखड्यात आधीच लिहिलेलं असलं, तर बिल्डर ते धरूनच बोली लावतो आणि मालकाला तेवढे कमी मिळतात. तीच अट त्याने जमीन विकत घेतल्यावर लादली तर त्याचे पैसे आधीच गेलेले असतात. तो कोर्टात जातो, काम थांबवतो, नाहीतर अट सैल करून घेतो. दोन्ही प्रकार मी जवळून पाहिलेत. अट तीच होती, फक्त पहिल्या वेळी ती खरेदीखताच्या आधी आली आणि दुसऱ्या वेळी नंतर.

आता जमीन मिळवणं ज्यांना जमलं त्यांनी ते कसं केलं, हे थोडक्यात पाहू. सिंगापूरमध्ये गृहनिर्माण आणि विकास मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं, पण त्याला बळ दिलं १९६६ च्या भूसंपादन कायद्याने. सार्वजनिक कामासाठी सरकार कोणतीही जमीन घेऊ शकत होतं. १९७३ च्या दुरुस्तीने मोबदला गोठवला. ३० नोव्हेंबर १९७३ चा भाव किंवा संपादनाच्या वेळचा भाव, यातला जो कमी तो द्यायचा. आज तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी सार्वजनिक घरांत राहतात, त्याचा पाया हा आहे. मात्र याची नक्कल करा असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या ते सगळे काही धनदांडगे नव्हते, छोट्या वाडीवाल्यांनीही त्याची किंमत मोजली. २००७ मध्ये सिंगापूरनेही बाजारभावाने मोबदला द्यायला सुरुवात केली. तोपर्यंत जमिनीचा फार मोठा हिस्सा सरकारकडे आलेला होता.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर वेगळी वाट होती. १९४६ च्या नवनगरांच्या कायद्याने सरकारी विकास महामंडळं शेतजमीन जवळपास शेतीच्याच भावाने घेऊ शकली. स्टीव्हनेज हे त्यातलं पहिलं नगर. तिथे रस्ते, शाळा, कारखाने आल्यावर जमिनीचा भाव वाढला, तो महामंडळाकडे राहिला आणि त्यातून पुढची कामं निघाली. १९५९ च्या आणि मग १९६१ च्या कायद्यांनंतर हे बदललं. 'उद्या इथे घरांना परवानगी मिळू शकते' या नुसत्या आशेची किंमतही मालकाला देणं आलं. सार्वजनिक घरं महाग होण्यामागे ही आशेची किंमत आहे असं तिथले नियोजनकार अनेक वर्षं सांगत राहिले, आणि २०२३ च्या कायद्यात ठरावीक प्रकरणांत ती वगळायची मुभा द्यावी लागली.

मला स्वतःला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, कारण तिथे बळजबरी कमी आणि धीर जास्त आहे. पहिल्या महायुद्धात भाडी गोठवली गेली, महागाईने त्या भाड्यांना काही अर्थ उरला नाही, भाड्याने द्यायला इमारती बांधणं तोट्याचं झालं आणि जमिनीला गिऱ्हाईक राहिलं नाही. नगरपालिकेने त्या काळात जमिनी घेतल्या. १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा कर लावला, मोठ्या आलिशान घरांना सगळ्यात जास्त, आणि त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरं बांधली. आजही नगरपालिकेची स्वतःची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. १९८४ मध्ये तिने एक जमीन निधी स्थापन केला. गरजेच्या कितीतरी वर्षं आधी तो जमीन घेऊन ठेवतो आणि मग बांधकाम संस्थांमध्ये स्पर्धा लावतो. स्पर्धा जास्तीत जास्त भाव कोण देतो याची नसते. कमी भाड्यात चांगलं घर कोण देतो, हे पाहिलं जातं.

याच्या उलट हाँगकाँग. तिथे जवळजवळ सगळी जमीन सरकारची आहे आणि ती भाडेपट्ट्यानेच दिली जाते. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपडवस्तीला आग लागून ५० हजारांहून अधिक लोक उघड्यावर आले, त्यानंतर सरकारने मोठ्या प्रमाणावर वसाहती उभ्या केल्या. तरीही तिथली घरं जगातल्या सगळ्यात न परवडणाऱ्या घरांत मोडतात आणि सार्वजनिक घरासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. त्याचं एक मोठं कारण, जमिनीच्या लिलावातून येणारा पैसा वर्षानुवर्षं सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार राहिला. ज्याचा खर्च जमिनीच्या चढ्या भावावर चालतो, तो भाव उतरवायला सहसा धजत नाही. तुमच्या नगरपालिकेने डेपो विकायला काढलाय, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिलं. सरकारी जमीन आहे एवढ्याने भागत नाही. जिच्या ताब्यात ती आहे ती संस्था तिच्याकडे घरांची जागा म्हणून पाहते की तिजोरी म्हणून, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आता 'तीन घरं'. इथे मला जरा थांबायचंय.

काही वर्षांपूर्वी एका वसाहतीच्या चाव्या देऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. घरं चांगली होती, हप्ता कमी होता. एक दिवस एक बाई ऑफिसात आल्या आणि चावी टेबलावर ठेवली. शहरात चार घरी धुणीभांडी करायच्या. बरोबर प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात महिनाभराची बसची तिकिटं, त्यांची आणि मुलाची. आम्ही दोघींनी मिळून बेरीज केली. ती घराच्या हप्त्यापेक्षा जास्त निघाली. शेवटची बस लवकर सुटते म्हणून त्यांना संध्याकाळचं एक घर सोडावं लागलं होतं, तो तोटा वेगळाच. त्या म्हणाल्या, "मॅडम, घर छान आहे. पण तिथं राहून जगायचं कसं?" त्या गेल्यावर मी त्या प्रकल्पाच्या मंजुरीची फाइल काढली. जागेच्या निवडीच्या टिपणीत एक रकाना होता, 'वाहतूक'. त्यापुढे एकच शब्द होता, 'उपलब्ध'. त्या टिपणीवर खाली माझीही सही होती.

दूरची जमीन स्वस्त दिसते कारण तिचा खर्च दुसऱ्यांच्या वहीत लिहिला जातो. पाण्याची मोठी वाहिनी पाणीपुरवठा खातं टाकतं, रस्ता बांधकाम खातं करतं, बसचा तोटा परिवहन सोसतं आणि रोजचे तीन-चार तास ते कुटुंब देतं. गृहनिर्माण खात्याच्या वहीत मात्र जमीन स्वस्तात मिळाली अशी नोंद होते. दक्षिण आफ्रिकेत १९९४ नंतर सरकारने लाखो घरं बांधून दिली, आणि ते काम छोटं नव्हतं. पण एका घरामागे ठरावीक अनुदान आणि त्यातच सगळं बसवायचं, म्हणून घरं स्वस्त जमिनीवर, म्हणजे शहराच्या कडेला गेली. वर्णभेदाच्या राजवटीने कृष्णवर्णीयांना शहरापासून जिथे दूर लोटलं होतं, नवी घरंही बऱ्याचदा त्याच बाजूला उभी राहिली. मेक्सिकोत गृहकर्जाच्या जोरावर शहरांपासून लांब प्रचंड वसाहती उभ्या राहिल्या, आणि २०१० च्या जनगणनेत देशभर सुमारे ५० लाख घरं रिकामी आढळली. त्या सगळ्यांमागे अंतर हे एकच कारण नव्हतं. स्थलांतर होतं, हिंसाचार होता. पण कामापासून तुटलेल्या वसाहतींतली सोडून दिलेली घरं त्यात मोठ्या संख्येने होती.

उलट बाजूचं एक उदाहरण मला फार आवडतं. चिलेमधल्या इकिके शहरात मध्यवस्तीत सुमारे १०० कुटुंबं अर्ध्या हेक्टरवर बेकायदा राहत होती. सामाजिक घरांसाठी जेवढा भाव परवडतो त्याच्या तिप्पट तिथल्या जमिनीचा होता. वास्तुरचनाकार अलेहान्द्रो अरावेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३-०४ च्या सुमारास तिथेच त्यांना घरं दिली. अनुदानातून आधी जमीन घेतली आणि उरलेल्या पैशात अर्धं घर बांधलं. भिंती, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर असा कुटुंबाला स्वतः बांधायला अवघड असलेला भाग सरकारी पैशातून झाला. उरलेला अर्धा भाग प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे नंतर वाढवला. अर्धं घर देणं सगळीकडे योग्य ठरेल असं नाही, भूकंपाच्या किंवा दाटीच्या भागात त्याचे धोके आहेत. पण पैसे कमी असताना ते जागेवर घालायचे की भिंतींवर, याचा त्यांनी दिलेला कौल मला पटतो. खोली पुढे वाढवता येते, अंतर कमी करता येत नाही.

सरकारी जमीन आहे म्हणजे घरं होतीलच, असंही समजू नका. कागदावरची जमीन आणि बांधता येण्याजोगी जमीन यांत फार तफावत असते. आम्हाला एकदा १२ एकर मिळाले. मोजणीदाराबरोबर मी हद्दीच्या खुणा बघत पूर्ण चालले. मधून उच्च दाबाची वीजवाहिनी गेलेली, तिच्या दोन्ही बाजूंना बांधता येत नाही. एका अंगाला नाला, त्याचा काठ दर पावसाळ्यात थोडा आत सरकतो. मागच्या कोपऱ्यात चाळीसेक कुटुंबं, तीस वर्षांपासूनची, हातात एकही कागद नाही. आणि आत शिरायला खासगी मालकीचा बोळ, त्यातून अग्निशमनाची गाडी वळत नाही. संध्याकाळी हिशोब केला तेव्हा घरांसाठी पाच एकरही उरले नव्हते. त्या कुटुंबांना आधी तिथेच घर द्यायचं की नाही, यावर आमचं दीड वर्ष गेलं. ते आधीच द्यायला हवं होतं. त्यांना हुसकून पुढच्यांसाठी घरं बांधण्यात मला कधीच अर्थ दिसला नाही.

कायद्याच्या जोरावर जमीन खेचून घेण्याची मर्यादाही सांगायला हवी. भारतात १९७६ मध्ये नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. शहरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन कोणी ठेवायची नाही, जादा असेल ती सरकार नाममात्र मोबदल्यात घेणार आणि त्यावर घरं होणार. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मालकांनी सवलती मिळवल्या, दावे लावले, आणि अतिरिक्त म्हणून घोषित झालेल्या जमिनीतली फार थोडी ताब्यात आली. जी अडकली ती ना मालकाला वापरता आली, ना सरकारला. १९९९ मध्ये केंद्राने तो कायदा रद्द केला. माझ्या अनुभवात मालकाला थोडा वाटा ठेवला तर काम पुढे सरकतं. जर्मनीत फ्रँकफर्टसाठी १९०२ मध्ये झालेल्या कायद्यात ही पद्धत होती. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-उद्यानांसाठी ठरावीक भाग काढून घ्यायचा आणि उरलेले नीट आखलेले भूखंड ज्याचे त्याला परत द्यायचे. भूखंड लहान होतो, पण रस्ता आल्यामुळे त्याची किंमत वाढते. काढून घेतलेल्या भागात परवडणाऱ्या घरांचाही वाटा ठेवता येतो. वेळ लागतो, पण कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा कमी.

इथवरचं तुमच्या प्रश्नाला लावायचं तर असं. डेपोसारखी जागा नगरपालिकेला पुन्हा बाजारातून घ्यायची वेळ आली तर ती परवडणार नाही, हे वरच्या गणितातून दिसतं. आणि बाहेरची तीन घरं म्हणजे खरोखर तीन घरं असतीलच असं नाही.

मग डेपो नुसता धरून ठेवायचा का? नाही. रिकामी सरकारी जमीन मोकळी राहत नाही, तिच्यावर कोणीतरी बसतंच. माझा कल भाडेपट्ट्याकडे आहे. मालकी नगरपालिकेकडेच ठेवायची आणि ६० किंवा ९९ वर्षांच्या पट्ट्याने जमीन वापरायला द्यायची. नेदरलँड्समधलं ॲम्स्टरडॅम १८९६ पासून मालकी स्वतःकडे ठेवून जमीन पट्ट्यानेच देत आलंय. डेपोचा रस्त्याकडचा, म्हणजे सगळ्यात किमती भाग दुकानं आणि कार्यालयांना पट्ट्याने द्या, त्याचं अधिमूल्य, म्हणजे पट्टा देताना मिळणारी एकरकमी रक्कम, आगाऊ घ्या. त्या पैशातून मागच्या भागात परवडणारी घरं उभी करा, शक्यतो भाड्याची. विकत दिलेलं स्वस्त घर पहिल्या कुटुंबानंतर बहुधा बाजारभावाने जातं. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना सार्वजनिक घरं सवलतीत विकत घेता आली. त्या कुटुंबांचं भलं झालं, पण गेलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी आली नाहीत.

पट्ट्याच्या अडचणीही आहेत. भाडं कसं आणि केव्हा बदलायचं हे सुरुवातीला नीट लिहिलं नाही तर पुढे कटकटी होतात, ॲम्स्टरडॅममध्ये त्यावरून मोठे वाद झालेत. मुदत संपत आली की लोक धास्तावतात, सिंगापूरच्या ९९ वर्षांच्या पट्ट्यावरच्या घरांबाबत ही चर्चा आज चालू आहे. आणि लवकर जमीन घेऊन ठेवण्यातही जोखीम असते. २००८ च्या मंदीनंतर नेदरलँड्सच्या अनेक नगरपालिका अडचणीत आल्या. कर्ज काढून घेतलेली जमीन पडून राहिली आणि व्याज चालू राहिलं. तुमचा डेपो मात्र आधीच तुमचा आहे, त्यावर कर्ज नसेल तर घाई करायचं कारण मला दिसत नाही.

विकणं योग्य ठरेल अशाही परिस्थिती आहेत. मी स्वतः एकदा विक्रीच्या बाजूने मत दिलंय. दोन मोठ्या रस्त्यांमध्ये अडकलेली अरुंद पट्टी होती, तिथे मुलं वाढवावीत असं कोणालाच वाटलं नसतं. ती विकून त्याच पैशातून स्टेशनाजवळ जागा घेतली, आणि विक्रीच्या आधी त्या जागेचा ताबा घेतला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. डेपोच्या बाबतीत मला खरी भीती मातीची वाटते. वर्षानुवर्षं डिझेल आणि ऑइल मुरलेलं असतं. एका जुन्या वर्कशॉपच्या जागेवर आम्ही चाचणीसाठी खड्डे घेतले तेव्हा माणसाच्या उंचीइतकं खाली गेल्यावरही डिझेलचा वास येत होता. तिथे माती काढून नेण्याचा खर्च एवढा निघाला, की सगळा आराखडा पुन्हा मांडावा लागला. तुमच्याकडे तसं असेल तर मी वर सांगितलेलं बरंच काही बदलतं. निदान तळमजल्यावर घरं ठेवता येणार नाहीत.

म्हणून पहिलं काम, माती परीक्षण झालंय का ते विचारा आणि अहवालाची प्रत मागा. त्याबरोबर डेपोच्या मालकीचा उतारा आणि ती जमीन नगरपालिकेला मुळात कोणत्या आदेशाने मिळाली ते बघा. सार्वजनिक कामासाठी संपादन केलेली किंवा दान मिळालेली जमीन असेल तर विक्रीवर अट असू शकते, आणि तसं असेल तर सगळी चर्चा तिथेच थांबते. बाहेरच्या जागेसाठी पाणी, सांडपाणी, रस्ता आणि पुढच्या २० वर्षांची बससेवा यांचा खर्च कोणतं खातं करणार, हे लेखी मागा. पहिली आणि शेवटची बस किती वाजता, हेही. आणि भाडेपट्ट्याचा पर्याय आकड्यांत मांडून पाहिलाय का, हे विचारा. बहुतेक वेळा पाहिलेला नसतो. तरीही लिलाव होणारच असेल तर आलेली रक्कम स्वतंत्र खात्यात, फक्त घरांसाठी राहील, असा ठराव आधी करून घ्या. सर्वसाधारण निधीत गेलेला पैसा पगार आणि खड्डे यांत कसा संपतो हे मी पाहिलंय.

हरकतीची मुदत अजून असेल तर हे सगळं लेखी द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. सभेत तोंडी बोललेलं इतिवृत्तात येईलच असं नाही. माती परीक्षणाचा अहवाल मिळाला तर कळवा, खड्डे कुठे आणि किती खोल घेतलेत ते पाहून पुढचं सांगते.